पौषांतील परसबाग आणि घरचें बियाणें

मृग लागतो तेव्हां परसबागेविषयीं घरोघर जो उत्साह दिसून येतो त्याचा चतुर्थांशहि पौषांत दिसत नाहीं, हें आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांस स्वानुभवानें ठाऊक असेल. पावसाच्या तोंडावर आळीं घालावयाचीं, वेलांस मांडव करावयाचे, रोपें मागून आणावयाचीं, अशी एकच धांदल असते. पौषांत तसें कांहीं करावयाचें नसतें. वाल मांडवावर पसरलेला असतो, वांग्यांनीं फळें धरलेलीं असतात, मेथी-कोथिंबिरीचे वाफे हिरवेगार असतात, मुळे व गाजरें भुईंत पोसलेलीं असतात. गृहिणीनें टोपली घेऊन जावें आणि भरून आणावी, इतकेंच काम उरतें. बाग देत आहे तोंवर तिच्याकडे निराळें पाहावयाचें तें काय, अशी सर्वांची समजूत असते. आणि ही समजूत, आमच्या मतें, परसबागेच्या सबंध वर्षांतील सर्वांत महागडी चूक आहे.

भाद्रपदांत पाणी साचलें तर रोप आठ दिवसांत मान टाकतें. वैशाखांत पाणी चुकलें तर तें त्याच दुपारीं कळतें. पौषांत झालेली चूक मात्र पुढील पौषापर्यंत ध्यानांत येत नाहीं, आणि आली तरी तिचें कारण कोणी मागील पौषांत शोधीत नाहीं. ‘यंदां वांगीं पूर्वीसारखीं नाहींत’, ‘मेथी लवकरच फुलोऱ्यावर आली’, ‘बीं खराब निघालें’ असें म्हणून हवेस किंवा दुकानदारास दोष देऊन आपण मोकळे होतों. ही चूक घरच्या बियाण्याविषयींची आहे, आणि तिजविषयींच आज आम्हांस लिहावयाचें आहे. परंतु झाडच सुस्थितींत नसेल तर बीं कोठून येणार? म्हणून आधीं पाणी व थंडी यांसंबंधानें थोडेंसें.

पौषांत परसबागेस थंडीपेक्षां पाण्यापासून अधिक अपाय होतो, असें म्हटल्यास कित्येकांस तें चमत्कारिक वाटेल. देशावर या दिवसांत बाष्पीभवन वैशाखाच्या मानानें निम्म्याहूनहि कमी असतें. गारठलेल्या जमिनींत मुळांचें काम मंदावलेलें असतें. परंतु घरांत ज्याच्याकडे झारी किंवा नळी सोंपविलेली असते त्याचा हात ठरलेल्या वेळीं ठरलेलें पाणी घालीतच असतो. काळ्या जमिनींत तें लवकर मुरत नाहीं, मुळांस हवा मिळत नाहीं, आणि पानें पिवळीं पडूं लागतात. पिवळें पान दिसलें कीं युरियाची मूठ टाकण्याचा मोह कोणास आवरत नाहीं; बुडत्या माणसास ताट वाढण्यासारखाच हा प्रकार! बोट दोन पेरें मातींत घालून पाहावें. आंत ओल लागली तर त्या दिवशीं पाणी देऊं नये. हा एक नियम पाळला तरी निम्मी बाग सुधारते. गच्चीवरील कुंड्यांची गोष्ट थोडी निराळी. त्यांचें अंग चोहों बाजूंनीं वाऱ्यास उघडें असल्यानें त्या लवकर सुकतात. तथापि बोटाचा नियम तेथेंहि लागू पडतो. पाणी सकाळीं, ऊन वर आल्यावर, बुंध्याशीं द्यावें. पानांवर शिंपडूं नये. रात्रभर ओलीं राहिलेलीं पानें म्हणजे टोमॅटोवरील करप्यास आमंत्रणच.

या नियमास एकच अपवाद आहे. आकाश निरभ्र, वारा पडलेला, आणि हवामान खात्यानें कडाक्याच्या थंडीचा इशारा दिलेला (हल्लीं तो प्रत्येकाच्या खिशांतील दूरध्वनीवर येतो), अशा दिवशीं संध्याकाळीं वाफ्यांस हलकें पाणी द्यावें. विहिरीचें पाणी अशा वेळीं हवेपेक्षां उबदार असतें, आणि ओली जमीन कोरड्या जमिनीपेक्षां अधिक ऊब सांठवून रात्रीं ती हळूहळू सोडीत असते. निफाडकडे कैक हिवाळ्यांत पारा ५ अंशांच्या खालीं उतरतो; तेथील द्राक्षबागाईतदारांस ही युक्ति चांगली अवगत आहे. लहान पपईवर व कोंवळ्या रोपांवर रात्रीं गोणपाट टाकावें आणि सकाळीं न विसरतां काढावें. तुळस व कढीलिंब थंडीनें काळवंडले म्हणून हळहळून त्यांवर कातर चालविण्याची पुष्कळांस संवय असते. ती या महिन्यांत आवरावी. वरचीं करपलेलीं पानें खालच्या डोळ्यांवर पांघरुणाचें काम करितात. छाटणी रथसप्तमीच्या सुमारास करावी. धूर करण्याची चाल शेतांत कितपत उपयोगी आहे हा प्रश्न निराळा. घराच्या परसांत धुरानें रोपें वांचतात यापेक्षां शेजारचीं मुलें खोकतात हेंच अधिक खरें. शिवाय ज्या पाचोळ्याचा धूर करावयाचा तो खड्ड्यांत सांठवून ठेवला तर फाल्गुनांत, जमीन तापूं लागते तेव्हां, त्यासारखें आच्छादन नाहीं. ढगाळ हवेंत वालाच्या शेंड्यांवर मावा दिसतांच ते शेंडे खुडून टाकावे. एवढें झालें म्हणजे पौषांत झाडासाठीं करावयाचें बहुतेक झालें. या महिन्यांत हात आंखडता घेणें हीच पुष्कळशी निगा होय.

आतां मुख्य मुद्दा. भोगीचाच दिवस घ्या. संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीस येते. तिच्या आदल्या दिवशीं तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि वालपापडी, वांगीं, गाजर, हरभऱ्याचे घाटे, वाटाणे यांची एकत्र भाजी घरोघर होते. त्या दिवशीं बागेंतील उत्तम तें सारें खुडलें जातें, आणि तें योग्यच आहे. परंतु भोगीसच नव्हे, रोजच उत्तम तें खुडलें जातें. भरलेली शेंग, तुकतुकीत वांगें, सरळ मुळा हीं टोपलींत जातात. मग बियाण्यासाठीं उरतें काय? पानाआड राहून गेलेलें वांगें, किडीनें चाटलेली शेंग, फांटे फुटलेला मुळा. स्वयंपाकघरानें जें नाकारलें तेंच आपण पुढील वर्षीं पेरतों, आणि वर घरचें बीं म्हणून त्याचा अभिमानहि बाळगतों.

पालेभाज्यांत तर याहून वाईट प्रकार घडतो. मेथीच्या वाफ्यांतील कांहीं थोडीं रोपें इतरांच्या आधींच फुलोऱ्यावर येतात. तीं पानें कमी देतात, म्हणून गृहिणी तीं सोडून देते. तींच शेंगा धरतात, वाळतात आणि डब्यांत जातात. ज्या रोपांनीं आपणांस सर्वांत थोडे दिवस भाजी दिली त्यांचीच संतति आपण हौसेनें वाढवीत जातों, आणि ‘मेथी लवकर फुलते’ म्हणून तक्रार करितों! कोथिंबीर आणि मुळा यांची हीच कथा. खरें पाहतां जें रोप सर्वांत उशिरां फुलतें, सर्वांत अधिक दिवस पान देतें, तेंच बियाण्यास धरावयास हवें; आणि त्याचीं पानें खुडण्याचा मोह आवरावयास हवा. हा मोह लहान नाहीं, हें आम्हांस ठाऊक आहे.

कारण ही चूक आम्हीं स्वतः केलेली आहे. आमच्या घरीं काटेरी देंठाचें, हिरव्या अंगावर पांढऱ्या रेघा असलेलें एक वांगें तीन पिढ्या होतें. फळ लहान, पण शिजल्यावर लोण्यासारखें मऊ. बाजारांत तसें कोठें मिळत नसे. एका वर्षीं पौषांत घरीं पाहुण्यांची सारखी वर्दळ होती. रोज वांगीं तोडलीं गेलीं आणि रोज त्यांची वाहवा झाली. माघ संपतांना बीं धरावयास गेलों तों झाडांवर वेडींवांकडीं पांच-सहा फळें शिल्लक होतीं. तींच पिकविलीं. पुढील वर्षीं उगवण विरळ झाली, जीं रोपें आलीं त्यांतील निम्मीं मर लागून गेलीं, आणि मागील वर्षांचें बीं राखून ठेवलेलें नव्हतें. अशा रीतीनें जें वांगें तीन पिढ्या टिकलें तें एका महिन्याच्या पाहुणचारांत संपलें. त्या वेळीं आम्हांस त्याची खंतहि वाटली नाहीं. बाजारांतून रोपें आणलीं आणि वाफा भरला. खंत वाटली ती दोन वर्षांनीं, घरांतील वृद्ध मंडळींनीं त्या वांग्याची आठवण काढली तेव्हां.

यावर कोणी असें म्हणेल, कीं पाकिटांतील बीं स्वस्त मिळतें, उगवतें चांगलें, फळहि भरघोस देतें. मग हा खटाटोप कशास? या म्हणण्यांत तथ्य नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. संकरित टोमॅटोचें किंवा कोबीचें उत्पन्न घरच्या बियाण्यास येणार नाहीं, आणि कोबी-फुलकोबीचें बीं देशावरील परसांत धरण्याचा प्रयत्न कोणी करूंहि नये. परंतु संकरित वाणाचें बीं घरीं धरलें तर पुढील पिढींत तें फांकतें. एक झाड आजोळावर जातें, एक तिसऱ्याच कोणावर. म्हणजे दर वर्षीं विकत घेणें आलेंच. त्यापेक्षांहि मोठी गोष्ट ही, कीं पाकिटांत तेंच येतें जें पुष्कळ लोकांस हवें असतें. आपल्या आजीस जो वाल आवडत असे तो हजार एकरांवर कोणी लावीत नाहीं. तो कोणत्याहि दुकानांत येणार नाहीं. आपल्या परसांतून गेला कीं गेला. जळगांवच्या भरिताच्या वांग्यास २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, कारण तें पिढ्यान् पिढ्या जपणारे लोक तेथें होते. अहिल्यानगर जिल्ह्यांतील अकोले तालुक्यांत कोंभाळणें येथें राहीबाई पोपेरे यांनीं वाल-घेवड्याच्या कितीतरी गांवरान जाति व इतर भाज्यांचें बीं जमवून त्यांची पेढी उभी केली, आणि २०२० सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. त्यांचें काम घराच्या परसांतूनच वाढलें, हें येथें मुद्दाम सांगावेंसें वाटतें. कायद्याची आडकाठी येईल अशीहि कांहींची भीति असते. ती निराधार आहे. पीकवाण संरक्षण व शेतकरी हक्क यांविषयींच्या २००१ च्या कायद्याच्या ३९ व्या कलमानें शेतकऱ्यास आपलें बीं राखण्याचा, पेरण्याचा, अदलाबदल करण्याचा व विकण्याचाहि हक्क दिलेला आहे. संरक्षित वाणाचें बीं नाममुद्रा लावून विकतां मात्र येत नाहीं.

तेव्हां करावयाचें काय? भोगीच्या आधीं एके दिवशीं सकाळीं, टोपली न घेतां, बागेंत जावें. टोपली हातांत असली म्हणजे दृष्टि फळावर जाते. आपणांस झाड पाहावयाचें आहे. एखादें फळ मोठें दिसतें तें पुष्कळदां मोरीच्या पाण्याजवळ असल्यामुळें; तो गुण वाणाचा नव्हे, मोरीचा. वाफ्याच्या मध्यभागचीं, इतरांच्या बरोबरीनेंच खतपाणी मिळालेलीं झाडें पाहावीं. त्यांत जें निरोगी असेल, ज्यास फळें पुष्कळ व सारखीं असतील, आणि ज्याची चव घरास पसंत असेल, त्यास लाल चिंधी बांधावी. चिंधी बांधलेल्या झाडावरील राखलेलीं फळें तोडावयाचीं नाहींत, असा घरांत दंडक घालावा.

वालाची पद्धत सोपी आहे. आपला मांडवावरचा जुना वाल पावसाळाभर नुसता पसरतो आणि दिवस लहान होऊं लागले म्हणजेच फुलतो. म्हणून पौषांत तो ऐन भरांत असतो. चांगल्या वेलाच्या पहिल्या घोसांतील शेंगा वेलावरच वाळूं द्याव्या. वांग्याचें फळ मात्र खाण्याजोगें झालें म्हणजे त्यांतील बीं पक्व झालें असें नव्हे. तें पिवळें पडून सुटूं लागेपर्यंत झाडावर ठेवावें लागतें. याची किंमतहि सांगितली पाहिजे: एका झाडावर दोन-तीन फळें पिकूं दिलीं म्हणजे तें झाड पुढें फारसें धरीत नाहीं. चार झाडांची भाजी सोडावी लागते. पिकलेल्या फळाचा गर पाण्यांत कुसकरावा. तळीं बसतें तें बीं घ्यावें, तरंगतें तें फोल समजून टाकावें. टोमॅटोचा गर बियांसकट एक-दोन दिवस आंबवून मग धुवावा, म्हणजे बियांवरील बुळबुळीत आवरण सुटतें. मुळ्याची रीति जुन्या माळ्यांस ठाऊक असे: मुळे उपटून पाहावे, सरळ व न पोकळलेले दहा-बारा निवडावे, पाला वीतभर व खालचें टोंक छाटून तेच पुन्हां लावावे. न उपटतां मुळा चांगला कीं वाईट हें कळणार कसें?

मधमाशांचा विचार येथें करावाच लागतो. मेथी, वाल, घेवडा, टोमॅटो हीं बहुतांशीं आपल्याच परागानें फळतात, तेव्हां त्यांची चिंता नाहीं. वांगें व मिरची यांत मिश्रण बरेंच होतें. भज्यांची मिरची लवंगीशेजारीं लावून तिचें बीं धरणारास पुढील वर्षीं भजीं खातांना त्याचा प्रत्यय येईल. उमलण्यापूर्वीं कळीवर पातळ मलमलीची पिशवी बांधून फळ धरल्यावर ती काढावी, आणि त्या फळाच्या देंठास दोरा बांधावा. मुळा, कोथिंबीर, कांदा यांस मात्र परपराग लागतो, आणि दोन-चार झाडांचें बीं धरीत गेल्यास वाण दिवसेंदिवस क्षीण होतो. त्यासाठीं एका घराचें परस पुरत नाहीं. आळींतील पांच घरांनीं एकेका भाजीचें बीं वांटून घेतलें तर प्रत्येकास तिला पुरेशी जागा देतां येईल. आमच्या सभासदांनीं हा प्रयोग करून पाहावा, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.

बीं सुकविण्यास माघ-फाल्गुनाची कोरडी हवा उत्तम. तें सावलींत सुकवावें. तापलेल्या पत्र्यावर घालूं नये. हॅरिंग्टन या बीजशास्त्रज्ञानें बांधून दिलेला एक ठोकताळा असा आहे, कीं बियांतील ओल शेंकडा १ नें कमी झाली तर त्यांचें आयुष्य सुमारें दुप्पट होतें. म्हणून आठ दिवस अधिक सुकविण्याचा कंटाळा करूं नये. वालांत भुंगेऱ्याचीं अंडीं शेतांतूनच येतात. वालास चाळलेली राख चोळावी व तो घट्ट झांकणाच्या बरणींत ठेवावा. बरणीवर भाजीचें नांव व साल लिहावें. हें आम्हांस सांगावें लागतें, कारण नांव न लिहिलेल्या तीन पुरचुंड्या आमच्याच फडताळांत आहेत. आणि सगळें बीं एका वर्षीं पेरूं नये. मूठभर मागें ठेवावें.

याहूनहि चांगली राखण एक आहे, ती म्हणजे बीं देऊन टाकणें. वर सांगितलेलें आमचें वांगें परत आलें तें असेंच. घरांतील आत्याबाई लग्न होऊन सासरीं गेल्या तेव्हां पदराच्या गांठींत त्याचें बीं बांधून घेऊन गेल्या होत्या. त्यांच्या परसांत तें इतकीं वर्षें मुकाट्यानें फळत होतें, आणि त्यांस वाटत होतें कीं माहेरीं तें आहेच.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आपल्याकडे हळदीकुंकवाचे समारंभ होतात व सुवासिनी वाण लुटतात. हल्लीं त्या वाणांत प्लास्टिकचे डबे व चाळण्या यांची रेलचेल झालेली आहे. प्रत्येक घरीं त्यांचा एक एक ढीग पडलेला असतो. त्याऐवजीं घरच्या बियांची कागदी पुडी कां देऊं नये? भेंडी, गवार, दोडका, काकडी यांचें पावसाळ्यांत धरलेलें बीं त्या वेळीं तयार असतें, आणि थंडी ओसरतांच उन्हाळी भाजीसाठीं त्याची पेरणी करावयाची असते. म्हणजे पुडी फडताळांत पडून राहण्याचें कारण नाहीं. संक्रांतीचें वाण आणि पिकाचा वाण यांस आपल्या भाषेनें एकच शब्द दिलेला आहे. परसबागेचें बहुतेक काम स्त्रियाच करीत आल्या आहेत, आणि बीं कोठें कोणाकडे आहे हेंहि त्यांसच ठाऊक असतें. आमच्या सभांतून मात्र बियाण्यावर भाषणें पुरुष करितात. यंदांच्या हळदीकुंकवास सभासदांनीं आपापल्या घरीं ही गोष्ट निदान सुचवून पाहावी. विधवा व एकट्या राहणाऱ्या स्त्रियांसहि ही पुडी अवश्य द्यावी. जुनें बीं पुष्कळदां त्यांच्याच डब्यांत निघतें.

आमच्या परसांत यंदां त्या वांग्याच्या पांच झाडांस चिंध्या बांधल्या आहेत. त्यांपैकीं एका झाडावरील राखलेलें फळ गेल्या आठवड्यांत कोणीं तरी भरितासाठीं तोडलें. कोणीं तोडलें हें घरांत अद्याप कबूल झालेलें नाहीं. उरलेल्या चार झाडांवरील फळें पिवळीं पडूं लागलीं आहेत.